पेट्रोलचा दर आणि हायब्रिड गाडीचा हिशोब

आमच्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्या गाडीच्या कप्प्यात एक छोटी डायरी असते आणि टाकी भरली की ते पंपावरच, मागचा गाडीवाला हॉर्न वाजवीत असला तरी, तारीख, मीटरचा आकडा, लिटर आणि रुपये अशा चार रकान्यांत नोंद करतात. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला १२० रुपयांच्या वर गेले आणि पुण्यातही दर जवळपास तेथेच येऊन ठेपला, तेव्हा काकांनी त्या आकड्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या आणि "आता घेतली तर हायब्रिडच" असे जाहीर केले. मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क कमी केले, जुलैमध्ये राज्याने व्हॅट कमी केला, मुंबईतला दर १०६ रुपयांवर उतरला, आणि काकांच्या बोलण्यातून हायब्रिड हा शब्द हळूहळू नाहीसा झाला. गंमत अशी की पुढच्या वर्षी, पंपावरचा दर कित्येक महिने जागचा हललेला नसताना, त्यांच्याच घरात हायब्रिड गाडी आली. ती सूनबाईंनी घेतली होती. "काका, दर चढला होता तेव्हा तुम्ही थांबलात, मग आता कशी घेतली?" असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, तिनं पेट्रोलचा हिशोब केलाच नाही. तिला क्लच नको होता, आणि या गाडीला तो दाबावा लागत नाही."

कच्च्या तेलाचा भाव उसळला की "इंधन महागल्याने ग्राहक हायब्रिडकडे वळत आहेत" हे वाक्य बातम्यांत ठरल्यासारखे येते. त्यात तथ्य आहे, पण या घरातल्या दोन माणसांना ते लागू करायचे म्हटले तर एकालाही धड बसत नाही. दराचा परिणाम होतो तो नेमका कोणावर, किती आणि कोणत्या वाटेने, हे पाहिल्याशिवाय ते वाक्य वापरणे धोक्याचे आहे.

हायब्रिड गाडी पेट्रोल वाचवते ते कसे

साध्या गाडीत आपण ब्रेक दाबतो तेव्हा गाडीचा वेग ब्रेकच्या घर्षणात जिरतो आणि उष्णता होऊन हवेत जातो. तो वेग कमावण्यासाठी जाळलेले पेट्रोल अक्षरशः वाऱ्यावर जाते. कौलारू घराच्या पन्हळीतून वाहून जाणारे पाणी खाली घागर ठेवून धरावे आणि तेच संध्याकाळी अंगण शिंपायला वापरावे, तसे काम हायब्रिड गाडी करते. तिच्यात इंजिनाबरोबर एक विजेची मोटर आणि एक बॅटरी असते. ब्रेक दाबला की मोटर उलट काम करून जनित्र होते आणि बॅटरी भरते. गाडी पुन्हा हलवताना तीच वीज वापरली जाते. इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल लागते ते जागेवरून सुटताना, आणि नेमके तेव्हाच मोटर मागून हात देते. चिखलात रुतलेली बैलगाडी सुटेपर्यंत दोघांनी मागून रेटा द्यावा आणि पुढे बैलांनी एकट्याने ओढावी, तसा हा प्रकार आहे. बॅटरी गाडी चालता चालता भरत असल्याने तिला बाहेरून प्लग लावावा लागत नाही.

हायब्रिड या एका नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमधील छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, ती एकटी गाडी ओढू शकत नाही आणि तिच्यामुळे होणारी बचतही मामुली असते. स्ट्राँग हायब्रिड गाडी काही अंतर इंजिन बंद ठेवून निव्वळ विजेवर जाते. या लेखात यापुढे हायब्रिड म्हणजे स्ट्राँग हायब्रिडच. मारुतीची ग्रँड व्हिटारा सप्टेंबर २०२२ मध्ये आली तेव्हा तिच्या हायब्रिड मॉडेलचे चाचणीतले ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर आणि साध्या पेट्रोल-मॅन्युअल मॉडेलचे २१.११ किलोमीटर असे जाहीर झाले होते. चाचणीतले आकडे रस्त्यावर कधी मिळत नाहीत, हे प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक असते. पण शहरातल्या रखडत्या वाहतुकीत या दोन गाड्यांमधील अंतर कागदावरच्यापेक्षा वाढू शकते, कारण जितके ब्रेक जास्त तितकी घागर लवकर भरते. मोकळ्या महामार्गावर ब्रेकच फारसे लागत नाहीत, त्यामुळे तेथे हायब्रिडचा फायदा आटतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढच्या हिशोबात ती लागणार आहे.

दर लिटरचा, खर्च किलोमीटरचा

पंपावर आपल्याला लिटरचा दर दिसतो, पण आपण विकत घेतो ते किलोमीटर. हे दोन आकडे एकमेकांपासून सोडवून पाहिले की बराच गोंधळ मिटतो.

समजा, साधी पेट्रोल गाडी शहरात लिटरला साडेबारा किलोमीटर देते, तिचीच हायब्रिड बहीण २० किलोमीटर देते आणि हायब्रिडची ऑन-रोड किंमत ३ लाख रुपयांनी जास्त आहे. पेट्रोल १०० रुपये लिटर असेल, तर साध्या गाडीचा खर्च किलोमीटरला ८ रुपये आणि हायब्रिडचा ५ रुपये येतो. बचत ३ रुपयांची. वरचे ३ लाख वसूल व्हायला बरोबर १ लाख किलोमीटर लागतील. आता पेट्रोल १२० रुपये झाले असे धरले, तर बचत किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे होते आणि वसुली सुमारे ८३ हजार किलोमीटरवर येते. पेट्रोल ८० रुपयांवर उतरले, तर बचत २ रुपये ४० पैसे आणि वसुली सव्वा लाख किलोमीटरवर जाते.

हे किलोमीटर महिन्यांत मोजले की चित्र बदलते. काकांची सून कोथरूडहून हिंजवडीला जाते, म्हणजे तिचे रनिंग महिन्याला ८०० किलोमीटरच्या आसपास. १०० रुपयांच्या पेट्रोलवर तिचे पैसे दहा वर्षे पाच महिन्यांनी वसूल होतील, १२० रुपयांवर पावणेनऊ वर्षांनी, आणि ८० रुपयांवर तेरा वर्षांनी. याउलट ज्याचे रनिंग महिन्याला अडीच हजार किलोमीटर आहे, त्याची वसुली १०० रुपयांवर चाळीस महिन्यांत, १२० वर तेहतीस महिन्यांत आणि ८० वर पन्नास महिन्यांत होते. पेट्रोल ८० वरून १२० वर जाणे ही केवढी तरी उलथापालथ मानली जाईल, पण ती वसुलीचा काळ एक तृतीयांशाने कमी करते. रनिंगमधला फरक तोच काळ तिपटीने बदलतो. हायब्रिड घ्यावी की नाही, या प्रश्नात पेट्रोलच्या दरापेक्षा गाडीच्या रनिंगचे वजन कितीतरी जास्त आहे. शोरूममधला विक्रेता "महिन्याचं रनिंग किती?" हा प्रश्न सर्वांत आधी विचारतो तो उगाच नाही.

येथेच एक पेच आहे. हायब्रिड सर्वांत जास्त वाचवते ते शहरातल्या कोंडीत, पण कोंडीत अडकणाऱ्या माणसाचे महिन्याचे किलोमीटर फार होत नाहीत. ज्यांचे किलोमीटर भरपूर होतात, त्यांतले पुष्कळसे महामार्गावर होतात, जेथे हायब्रिडची बचत कमी पडते. दिवसभर शहरात फिरणाऱ्या टॅक्सीला दोन्ही अटी लागू होतात, पण पिवळ्या पाटीची गाडी घेणारा माणूस वर ३ लाख रुपये घालण्याऐवजी सीएनजी घेतो. त्यामुळे निव्वळ हिशोबाने हायब्रिड घ्यावी असा ग्राहकवर्ग वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे.

पण हा हिशोब लोक करतात का?

अर्थशास्त्राची पुस्तके ग्राहक असा हिशोब करतो असे धरून चालतात. कॅलिफोर्नियातील दोन संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ५७ कुटुंबांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. गाडी घेताना इंधनाच्या खर्चाचा पद्धतशीर हिशोब मांडला, असे त्यांत एकही कुटुंब निघाले नाही. आपले काका हा अपवाद आहे, आणि डायरी बाळगूनही त्यांनी गाडी घेतली नाही, हा भाग वेगळा.

हिशोब करायचा म्हटला तरी ॲव्हरेजचा आकडा माणसाला चकवतो. १० किलोमीटर देणारी गाडी बदलून १५ ची घेतली आणि १५ ची बदलून २५ ची घेतली, यांत कोणत्या बदलाने जास्त पेट्रोल वाचते? पहिल्यात वाढ ५ ची आहे, दुसऱ्यात १० ची, म्हणून बहुतेक जण दुसरे उत्तर देतात. प्रत्यक्षात १००० किलोमीटरसाठी पहिल्या बदलाने ३३ लिटर वाचतात आणि दुसऱ्याने २७ लिटरही वाचत नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ असा की मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या गाडीला हायब्रिड करणे जास्त फायद्याचे असते. इनोव्हा हायक्रॉसच्या साध्या पेट्रोल मॉडेलचे चाचणीतले ॲव्हरेज १६.१३ आणि हायब्रिडचे २३.२४ आहे. मुळात कमी पिणाऱ्या लहान गाडीपेक्षा अशा सात-आठ माणसांच्या गाडीत हायब्रिडचे गणित लवकर जमते.

मग लोक दराला प्रतिसाद देतात तो कशाच्या जोरावर? एक तर धक्क्याच्या. नोव्हेंबर २०२१ पासून २१ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे पाच राज्यांच्या निवडणुका होऊन जाईपर्यंत, देशातले पंपावरचे दर स्थिर होते. २२ मार्चपासून ते रोज थोडे थोडे वाढू लागले आणि सोळा दिवसांत लिटरमागे १० रुपये वाढ झाली. हेच १० रुपये दोन वर्षांत वाढले असते, तर काकांच्या डायरीत लाल रेघा पडल्या नसत्या. दुसरे कारण असे की आज आहे तोच भाव पुढेही राहील, असे माणूस धरून चालतो. कांदा ८० रुपये किलो झाला की तो कायमचा ८० राहणार अशा थाटात आपण बोलतो आणि दोन महिन्यांनी तो २५ ला मिळू लागला की पुन्हा भजी तळतो. गाडी दहा-बारा वर्षे वापरायची असते, पण तिचा निर्णय त्या आठवड्याच्या दरावर होतो.

अमेरिकेत काय घडले

हायब्रिड आणि इंधनदर यांचा संबंध सर्वांत स्वच्छ दिसतो तो अमेरिकेत, कारण तेथे पेट्रोलवर कर कमी आहे आणि कच्च्या तेलाची प्रत्येक उडी थेट पंपाच्या पाटीवर उमटते. टोयोटाची प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आली आणि २००० मध्ये अमेरिकेत पोहोचली. सुरुवातीची काही वर्षे ती हौशी लोकांची गाडी होती. २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरीना वादळाने मेक्सिकोच्या आखातातील तेल उद्योग ठप्प केला, पेट्रोल गॅलनला (म्हणजे सुमारे ३.८ लिटरला) ३ डॉलरच्या वर गेले, आणि त्या वर्षी प्रियसची अमेरिकेतील विक्री आदल्या वर्षीच्या ५४ हजारांवरून सुमारे १ लाख ८ हजारांवर गेली. कंपनीने त्या वर्षी गाड्या जास्त पाठवल्या होत्या, हेही खरे.

बेरेस्टेनू आणि ली या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या काळाचा अभ्यास करून असा अंदाज काढला की पेट्रोलचा दर १९९९ च्या पातळीवरच राहिला असता, तर २००६ मधील हायब्रिडची विक्री ३७ टक्क्यांनी कमी झाली असती. आकडा मोठा आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. दर वाढला नसता तरी जवळपास दोन तृतीयांश गाड्या विकल्या गेल्याच असत्या. कर-सवलत, नव्या तंत्राची ओढ, पर्यावरणाची आस्था आणि शेजाऱ्याला दिसावी अशी ती प्रियसची ओळखू येणारी आकृती, हे सारे त्यांत धरायला हवे.

जुलै २००८ मध्ये कच्चे तेल बॅरलला १४७ डॉलरवर गेले आणि अमेरिकेत पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या पुढे. (बॅरल म्हणजे १५९ लिटर.) हायब्रिडसाठी रांगा लागल्या आणि काही ठिकाणी जुनी प्रियस नव्यापेक्षा जास्त किमतीला विकली गेली. तरीही सगळ्या हायब्रिड गाड्यांचा त्या वर्षीचा विक्रीचा आकडा पाहिला तर तो २००७ च्या साडेतीन लाखांवरून सुमारे ३ लाख १२ हजारांवर घसरलेला दिसतो. एक तर कारखान्यांना बॅटऱ्या आणि गाड्या पुरवता येईनात, आणि वर्षाच्या उत्तरार्धात मंदी आली तेव्हा सगळ्याच गाड्यांची विक्री बसली व पेट्रोलही दोन डॉलरच्या खाली आले. विक्रीचा आकडा म्हणजे मागणी नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते. मालच नसेल तर मागणी वेटिंगमध्ये आणि जुन्या गाडीच्या किमतीत दिसते. आपल्याकडे २०२३ मध्ये हायक्रॉसच्या वरच्या मॉडेलांचे बुकिंग कंपनीला काही काळ थांबवावे लागले होते. त्या महिन्यांतील विक्रीचा आकडा पाहून मागणी ठरवणारा माणूस फसलाच असता.

उलट दिशेचा पुरावा २०१४ ते २०१६ या काळात मिळाला. कच्चे तेल १०० डॉलरच्या वरून ३० डॉलरच्याही खाली आले आणि अमेरिकेतील नव्या गाड्यांमध्ये हायब्रिडचा वाटा ३ टक्क्यांच्या वरून २ टक्क्यांच्या आसपास आला.

भारतात पंपाची पाटी कच्च्या तेलामागे धावत नाही

भारत लागणाऱ्या कच्च्या तेलातील ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो, म्हणून जगात भाव वाढला की आपल्याकडे त्याच प्रमाणात वाढणार, असे वाटते. कागदावर तसेच आहे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, आणि जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. पण पंपावर आपण जे पैसे देतो त्यांत मूळ मालाच्या किमतीखेरीज केंद्राचे उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि पंपचालकाचे कमिशन असते. उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असते, त्यामुळे कच्चे तेल दुप्पट झाले तरी पंपावरचा दर दुप्पट होत नाही. आणि ते निम्मे झाले तर काय होते, हे आपण २०२० मध्ये पाहिले. एप्रिलमध्ये भारताला मिळणारे कच्चे तेल बॅरलला २० डॉलरच्या आसपास आले असताना केंद्राने मार्च आणि मे अशा दोन टप्प्यांत पेट्रोलवर लिटरमागे १३ रुपये शुल्क वाढवले. स्वस्ताई पंपापर्यंत पोहोचलीच नाही.

महागाईच्या वेळी तेल कंपन्या आणि सरकार धक्क्याचा काही भाग स्वतःवर घेतात, स्वस्ताईच्या वेळी तो वसूल करून घेतात. धरणाच्या दरवाजांसारखी ही व्यवस्था आहे. वर कितीही पाऊस पडो, खालच्या गावाला सोडतील तेवढेच पाणी दिसते. मे २०२२ ते २०२५ या काळात जगात कच्च्या तेलाचा भाव १२० डॉलरपासून ६० डॉलरच्या घरापर्यंत हिंडला, आणि मुंबईचा पेट्रोलदर मात्र १११ रुपयांवरून उतरून १०४ रुपयांच्या आसपास स्थिरावला. भारतातील हायब्रिडचा बाजार खऱ्या अर्थाने उभा राहिला तो याच काळात. होंडा सिटीचे हायब्रिड मॉडेल मे २०२२ मध्ये आले, टोयोटाची हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा सप्टेंबरमध्ये आणि त्यामागोमाग हायक्रॉस. उतरत्या आणि नंतर स्थिर झालेल्या दरात मागणी वाढली, म्हणून येथे दराचा काहीच संबंध नाही, असे म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. १०० रुपयांची पायरी मुंबईने मे २०२१ मध्ये ओलांडली आणि नंतर ती पुन्हा खाली आली नाही. पेट्रोल आता शंभरीच्या खाली येत नाही, हे लोकांनी मनात पक्के केले, आणि नवी गाडी निवडताना हा पक्का झालेला समजच काम करतो.

डिझेलने हा प्रयोग आधीच करून दाखवला

इंधनाच्या दराने भारतीय ग्राहक गाडी बदलतो का, याचे उत्तर हायब्रिडपेक्षा डिझेलच्या इतिहासात जास्त ठसठशीत मिळते. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत. लिटरमागे ३२ रुपयांची ही दरी सरकारी अनुदानाने तयार केलेली होती. डिझेल गाडी लाखभर रुपयांनी महाग असूनही त्या काळात विकल्या जाणाऱ्या जवळपास निम्म्या प्रवासी गाड्या डिझेलच्या होत्या, आणि कंपन्यांना डिझेल इंजिने पुरवता पुरत नव्हती. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर दरमहा सुमारे ५० पैशांनी वाढवायला सुरुवात झाली आणि दरी बुजू लागली. त्यानंतर काही वर्षांत डिझेलचा वाटा पुष्कळ खाली गेला. शेवटचा घाव एप्रिल २०२० च्या बीएस-६ या धुराच्या कडक निकषांनी घातला. त्यांमुळे डिझेल इंजिन आणखी महाग झाले आणि मारुतीने ते करणेच सोडले.

यातून दोन गोष्टी दिसतात. ग्राहक दराला प्रतिसाद देतो, पण तो दोन पर्यायांमधल्या फरकाला देतो, एकट्या आकड्याला नाही. आणि जास्त रनिंगवाल्या ज्या मोठ्या वर्गाने डिझेल सोडले, त्याला कमी खर्चात लांब जाणारी गाडी तरीही हवीच होती. हायब्रिडला मिळालेले गिऱ्हाईक पुष्कळ अंशी हेच आहे.

पेट्रोल फारच महागले, तर हायब्रिडची चांदीच?

अर्थशास्त्रात पूरक आणि पर्यायी वस्तू असा भेद करतात. साखर महागली की चहाही जरा कमी होतो, कारण त्या पूरक आहेत. चहापत्ती महागली की कोणी कॉफीकडे वळतो, कारण त्या पर्यायी आहेत. पेट्रोल हे हायब्रिड गाडीलाही लागतेच, म्हणजे ते तिच्यासाठी पूरक आहे. त्याचा दर चढला की हायब्रिड चालवणेही महागते. फक्त साध्या पेट्रोल गाडीइतके महागत नाही, म्हणून तिच्यासमोर हायब्रिड उजवी ठरते. विजेची गाडी आणि सीएनजी गाडी समोर ठेवली, तर त्याच दरवाढीने हायब्रिड डावी ठरते. हायब्रिड मधल्या बाकावर बसली आहे. दर वाढला की मागच्या बाकावरचे तिच्याकडे सरकतात आणि तिच्याकडचे काही पुढच्या बाकावर जातात.

महाराष्ट्रात हे पुढचे बाक चांगलेच आकर्षक आहेत. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, म्हणजे पेट्रोलने डोके वर काढले होते त्याच सुमारास. ज्याच्या इमारतीत चार्जिंगची सोय आहे आणि रोजचे अंतर ठरलेले आहे, त्याला १२० रुपयांचे पेट्रोल हायब्रिडच्या पुढे थेट विजेच्या गाडीपर्यंत ढकलू शकते. ज्याला पार्किंग रस्त्यावर आहे, ज्याला सुट्टीत कोकणात जायचे आहे आणि सीएनजीच्या रांगेत उभे राहायचे नाही, तो हायब्रिडवर थांबतो.

दर उतरत असतानाही हायब्रिड वाढली, ती का?

२००९ मध्ये जपानमध्ये पेट्रोल आदल्या वर्षीपेक्षा स्वस्त होते, आणि त्याच वर्षी प्रियस ही तेथील सर्वांत जास्त खपणारी गाडी ठरली, कारण सरकारने करसवलत आणि अनुदान दिले होते आणि नवे मॉडेल आले होते. अमेरिकेत जून २०२२ मध्ये पेट्रोल गॅलनला ५ डॉलरवर जाऊन नंतर उतरत गेले, तरीही २०२४ पर्यंत तेथील नव्या गाड्यांत जवळपास दहातील एक हायब्रिड होऊ लागली. हायब्रिड आणि साध्या गाडीच्या किमतीतले अंतर कमी होत गेले, आणि टोयोटाने तर २०२५ ची कॅमरी तेथे केवळ हायब्रिड स्वरूपातच विकायला काढली. साधे पेट्रोल मॉडेलच नसेल, तर वर दिलेल्या ३ लाखांच्या वसुलीचा प्रश्नच उरत नाही.

पेट्रोलच्या दराने बचतीचा आकडा ठरतो, करांनी वरच्या किमतीचा. ग्राहकाला दुसरा आकडा जास्त बोचतो, कारण तो एकदम द्यावा लागतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हायब्रिडवरचा एकूण कर सुमारे ३० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला आणि तेव्हा देशात असलेली थोडीथोडकी हायब्रिड मॉडेले मोडीतच निघाल्यासारखी झाली. पुढची पाच वर्षे पेट्रोल चढत राहिले, पण त्याने ही बाजारपेठ उठली नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा तेथल्या ग्राहकाचे जे लाखभर किंवा त्याहून जास्त रुपये वाचले, ते पेट्रोल २० रुपयांनी वाढूनही कित्येक वर्षांत वाचले नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिड गाड्यांवर ४० टक्के कर आहे. म्हणजे ३ टक्के कमी झाला, पण ज्या मोठ्या इंजिनाच्या एसयूव्हींवर आधी ५० टक्के होता त्याही ४० वर आल्या, आणि विजेच्या गाड्या ५ टक्क्यांवरच राहिल्या. हायब्रिडचा कर कमी होऊनही तिची तुलनेतली बाजू लंगडी झाली.

घेतल्यावर पेट्रोल स्वस्त झाले, तर पैसे बुडाले का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे विम्यासारखे आहे. पेट्रोल १०० वरून १२० झाले, तर महिन्याला ८०० किलोमीटर चालणाऱ्या साध्या गाडीचे बिल ६,४०० रुपयांवरून ७,६८० रुपयांवर जाते, तर हायब्रिडचे ४,००० वरून ४,८०० वर. एकाला १,२८० रुपयांचा झटका बसतो, दुसऱ्याला ८०० रुपयांचा. दर उतरला तर हायब्रिडवाल्याची वसुली लांबते, पण त्याचेही बिल कमीच होते. ज्याच्या घरखर्चात पेट्रोल हा मोठा रकाना आहे, त्याला ही कमी हेलकाव्याची सोय मोलाची वाटते, आणि ज्याला ती वाटत नाही त्याने ३ लाख वाचवून बँकेत ठेवावेत. जुन्या हायब्रिडची किंमत पेट्रोलच्या दराबरोबर वरखाली होते, हे मात्र विकताना लक्षात येते.

काकांनी आता सुनेच्या गाडीसाठीही डायरी केली आहे आणि तिच्यात पाचवा रकाना आखला आहे, किलोमीटरला किती रुपये पडले याचा. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण १० वरून २० टक्क्यांवर गेले, त्याचा परिणाम त्यांना याच रकान्यात शोधायचा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे लिटरचा दर तोच राहिला तरी त्या लिटरमधली ऊर्जा तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी झाली. इंजिन त्यासाठी जुळवलेले असेल तर ॲव्हरेजमधली घट याहून कमी राहते. घट पूर्ण झाली असे धरले, तर १०० रुपयांचे पेट्रोल प्रत्यक्षात साडेतीन रुपयांनी महागल्यासारखे आहे, आणि ही दरवाढ पंपाच्या पाटीवर कुठेही लिहिलेली नाही. मी विचारले की सूनबाई ही डायरी बघतात का. "नाही," काका म्हणाले, "ती फक्त टाकी फुल करते आणि पावती कप्प्यात टाकते. मी रविवारी उतरवून घेतो."